लॅपटॉपला घरचं वायफाय दिसतच नाही, फोनला मात्र दिसतं – प्लीज मदत करा

गोदाकाठ:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस झाले एका गोष्टीने जीव मेटाकुटीला आलाय आणि घरात कोणालाच त्यातलं काही कळत नाही म्हणून इथे विचारतेय. आम्ही नाशिकला असतो, टूबीएचके फ्लॅट, फायबरचं ब्रॉडबँड आहे, राउटर हॉलमध्ये टीव्ही युनिटवर आणि मी काम करते आतल्या बेडरूममध्ये बसून. एका सीएंच्या ऑफिसचं काम घरून करते, रिटर्न भरणं, टॅलीच्या एन्ट्र्या वगैरे, ऑफिसच्या सर्व्हरला व्हीपीएनने जोडावं लागतं त्यामुळे नेट गेलं की काम जागच्या जागी ठप्प.

प्रॉब्लेम असा आहे की मधूनच लॅपटॉपला आमचं वायफाय दिसेनासंच होतं. म्हणजे स्लो झालं किंवा कनेक्ट होऊन तुटलं असं नाही हं, खाली कोपऱ्यातल्या चिन्हावर क्लिक केलं की जी यादी उघडते त्यात आमचं नावच नसतं. शेजारच्यांचं असतं, खालच्या मजल्यावर क्लास आहे त्यांचं असतं, आमचं नाही. आणि त्याच वेळी माझ्या फोनवर, ह्यांच्या फोनवर, टीव्हीवर सगळीकडे नेट मस्त चालू असतं. लॅपटॉप उचलून अगदी राउटरच्या शेजारी नेऊन ठेवला तरी तेच, म्हणजे रेंजचाही प्रश्न नाही. मग राउटर बंद करा, चालू करा, कधी लगेच दिसतं, कधी बराच वेळ तोच उद्योग करत बसावं लागतं, आणि एकदा का दिसलं की मग कित्येक दिवस काही त्रास नाही. लाइट गेली की परत पहिले पाढे पंचावन्न. पावसाळ्यात आमच्या भागात लाइट जाणं चालूच असतं त्यामुळे आता फारच वाढलंय.

ब्रॉडबँडवाल्यांचा माणूस येऊन गेला, त्याने स्वतःच्या फोनवर स्पीड दाखवला आणि म्हणाला मॅडम आमच्याकडून सगळं ओके आहे, लॅपटॉपचा इश्यू आहे. लॅपटॉपवाल्याकडे नेला तर त्याच्या दुकानात वायफाय लगेच लागलं, तरी तो म्हणतो आतलं वायफायचं कार्ड वीक झालंय, बदलून टाका. आता खरं कोणाचं मानायचं? जीएसटीच्या ३बी रिटर्नची २० तारीख जवळ आलीय आणि मला हे लवकरात लवकर सोडवायचंय. लॅपटॉप जुना आहे, विंडोज १०, पण बाकी कशाची तक्रार नाही.

साधासरळ:

ताई, आधी सोपे उपाय करून बघा, निम्म्या वेळा तिथेच काम होतं. वायफायच्या सेटिंगमध्ये जाऊन तुमचं नेटवर्क फर्गेट करा आणि पासवर्ड टाकून परत जोडा. एअरप्लेन मोड चालू करून बंद करा. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये जा (स्टार्टवर राइट क्लिक केलं की सापडतं), नेटवर्क ॲडाप्टर्सच्या खाली तुमचं वायरलेस कार्ड असेल, त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंट नावाचा टॅब आहे, तिथे वीज वाचवायला हे डिव्हाइस बंद करायची परवानगी कॉम्प्युटरला दिलेली असते, ती टिक काढून टाका. लॅपटॉप झोपून उठल्यावर वायफाय गायब होण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे. ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून घ्या, गूगलवर ड्रायव्हर अपडेटरच्या नावाखाली जे सॉफ्टवेअर दिसतात ते अजिबात टाकू नका, त्यातली बरीचशी नको ते सोबत घेऊन येतात. आणि ह्या कशानेच नाही झालं तर सेटिंग्जमध्ये नेटवर्क रीसेट आहे, ते करून टाका.

तारवाला:

ताई थांबा, नेटवर्क रीसेट एवढ्यात करू नका. साधासरळ यांनी सांगितलेलं बाकी ठीक आहे, पण रीसेट केलं की सगळे साठवलेले वायफाय पासवर्ड जातात, नेटवर्क कार्डं काढून परत टाकली जातात आणि ऑफिसच्या व्हीपीएनचं सॉफ्टवेअर बऱ्याचदा नव्याने टाकावं लागतं. तुमच्या ऑफिसच्या आयटीवाल्याला २० तारखेच्या तोंडावर शोधत बसाल. ते शेवटचं औषध आहे.

मी ह्याच धंद्यात आहे, सातारा भागात घरोघरी फायबर जोडतो, म्हणून सांगतो. नेटच्या तक्रारीत सगळ्यात आधी एकच गोष्ट ठरवायची असते, बिघाड कुठल्या टप्प्यात आहे. लॅपटॉप ते राउटर हा एक टप्पा, राउटर ते कंपनी हा दुसरा आणि तिथून पुढे बाहेरचं जग. लोक हे न ठरवता दिसेल ते बटण दाबत सुटतात, डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सोय) बदलतात, राउटर फॅक्टरी रीसेट मारतात, आणि मग जे नीट होतं तेही बिघडून बसतं. एरवी मी काय करतो, लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून राउटरच्या पत्त्याला, म्हणजे बऱ्याच घरी १९२.१६८.१.१ ला पिंग लावतो (पलीकडून उत्तर येतं का आणि किती वेळात ते बघायची कमांड), आणि दुसऱ्या खिडकीत ८.८.८.८ ला, तो बाहेरचा गूगलचा सर्व्हर. दोन्ही शेजारी शेजारी चालू ठेवायचे. राउटरचाच पिंग अडखळला तर घरातलं वायफाय बघा, राउटरचा दोन-चार मिलिसेकंदात येतोय आणि ८.८.८.८ चा टाइमआउट होतोय तर आम्हाला फोन करा, आणि दोन्ही येतायत तरी साइट उघडत नाही तर मग डीएनएस बघायचं. लॅपटॉपचा आयपी, म्हणजे नेटवर्कमधला पत्ता, १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. ह्यातलं एकेक दोन मिनिटांत कळतं.

तुमच्या केसमध्ये तर नावच दिसत नाही, म्हणजे सरळ पहिला टप्पा. कंपनीचा ह्यात संबंध नाही आणि डीएनएसचाही नाही. पण लॅपटॉपचं कार्ड मेलेलं असतं तर शेजारच्यांची नावं दिसली नसती आणि राउटर बंद-चालू केल्यावर ते जिवंत झालं नसतं. कार्ड बदलायला पैसे देऊ नका अजून. मला एवढं सांगा: तुमचं वायफाय गायब असताना फोनचा हॉटस्पॉट लॅपटॉपला दिसतो का? आणि फोनवर दिसणारी यादी आणि लॅपटॉपवरची यादी ह्यात अजून कुठल्या नावांचा फरक आहे का, जवळ धरून बघा. तिसरं, कमांड प्रॉम्प्टमध्ये नेटएसएच डब्ल्यूलॅन शो ड्रायव्हर्स असं टाइप करा (इंग्रजीत, netsh wlan show drivers, दोन शब्दांमध्ये एक स्पेस), त्यात रेडिओ टाइप्स सपोर्टेड अशी एक ओळ येईल, तिच्यासमोर काय लिहिलंय ते इथे टाका.

गोदाकाठ:

दादा खूप आभार, इतकं नीट समजावून कोणी सांगितलं नव्हतं. नेटवर्क रीसेट नाही करत. पॉवर मॅनेजमेंटची टिक काढली पण आज दुपारी लाइट जाऊन आली आणि परत गायब, म्हणून त्याच वेळी तुम्ही सांगितलेलं सगळं बघून घेतलं.

हॉटस्पॉट दिसतो, लगेच जोडलाही जातो. आणि यादीचं म्हणाल तर मी आधी कधी हे लक्षातच घेतलं नव्हतं, फोनवर आमच्याशिवाय आणखी दोन-तीन नावं जास्त आहेत जी लॅपटॉपवर नाहीत! त्यातलं एक तर समोरच्या फ्लॅटचं आहे, भिंतीला भिंत लागून, त्याची रेंज फोनवर फुल दाखवतं. त्या ओळीत लिहिलंय ८०२.११बी, ८०२.११जी, ८०२.११एन. बाकी काही नाही.

लॅपटॉप २०१६ सालचा आहे, माझी नणंद न्यू जर्सीला असते तिने येताना आणला होता. इतकी वर्षं छान चालला. मागच्या वर्षी आम्ही जुनं कनेक्शन सोडून हे नवीन फायबर घेतलं, तेव्हापासून हे सुरू झालंय असं आता मागे वळून बघताना वाटतंय.

पाऊसवेडा:

ताई, न्यू जर्सी म्हणालात तिथेच सगळं उलगडलं बघा!! मी जवळजवळ खात्रीने सांगतो, तुमचा राउटर त्या वेळी चॅनल १२ किंवा १३ वर जाऊन बसलेला असतो.

जरा सविस्तर सांगतो कारण हे माहीत नसलं तर माणूस आयुष्यभर कार्ड बदलत बसेल. वायफाय दोन पट्ट्यांत चालतं, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. (नवीन राउटरमध्ये ६ पण यायला लागलाय, तो इथे सोडून द्या.) तुमच्या लॅपटॉपच्या ओळीत बी, जी, एन एवढंच आहे, ए किंवा एसी नाही, म्हणजे त्याला ५ वाला पट्टा कळतच नाही, तो फक्त २.४ वर जगतो. त्या काळात स्वस्त आणि मधल्या किमतीच्या कितीतरी लॅपटॉपमध्ये असंच कार्ड यायचं. आता २.४ च्या पट्ट्यात चॅनल असतात, १ नंबर २४१२ मेगाहर्ट्झवर आणि पुढे पाच-पाच मेगाहर्ट्झ सोडून एकेक, ११ नंबर २४६२ ला, १३ नंबर २४७२ ला. भारतात १३ पर्यंत सगळे चालतात, युरोपातही. अमेरिकेत मात्र व्यवहारात ११ पर्यंतच, १२ आणि १३ वर तिथे पॉवरची इतकी कडक मर्यादा आहे की तिथे विकायच्या मालात कंपन्या ते दोन बहुतेक बंदच करून ठेवतात. आणि हे बंद करणं कार्डाच्या आतल्या चिपमध्ये लिहिलेलं असतं, विंडोजमध्ये रीजन इंडिया केला, टाइमझोन बदलला, विंडोज नवीन टाकलं तरी त्याला काही फरक पडत नाही. नवीन इंटेल कार्डांमध्ये आजूबाजूचे राउटर ऐकून आपण कुठल्या देशात आहोत ते ओळखायची सोय आली, जुन्यात ती नाही.

म्हणजे होतं काय, तुमच्या राउटरचं चॅनल ऑटोवर आहे. लाइट गेली की तो परत सुरू होतो, सुरू होताना आजूबाजूला कान देऊन कुठे गर्दी कमी आहे ते बघतो आणि तिथे जाऊन बसतो. १२-१३ ला गर्दी कमी असणारच कारण फार कमी राउटर तिकडे जातात. तो १३ वर बसला की इथे घेतलेले फोन, टीव्ही सगळे आनंदात आणि तुमच्या लॅपटॉपच्या दृष्टीने ते नेटवर्क अस्तित्वातच नाही. १ ते ११ मध्ये कुठेही बसला की पुढची लाइट जाईपर्यंत सगळं ठीक. समोरच्या फ्लॅटचं नाव फोनवर फुल रेंजमध्ये आणि लॅपटॉपवर नाही ह्याचंही हेच कारण, तोही १२-१३ वर असणार नाहीतर फक्त ५ वर असणार. जुन्या कनेक्शनचा राउटर बहुधा एकाच चॅनलवर फिक्स असेल म्हणून इतकी वर्षं कळलं नाही.

बघायचं कसं? अँड्रॉइड फोन असेल तर वायफाय ॲनालायझर नावाची बरीच फुकट ॲप आहेत, त्यात प्रत्येक नेटवर्कसमोर चॅनल नंबर दिसतो. आयफोन असेल तर ॲपलचंच एअरपोर्ट युटिलिटी ॲप घ्या आणि फोनच्या सेटिंग्जमध्ये त्या ॲपच्या नावाखाली वायफाय स्कॅनर चालू करा, बाकीच्या ॲपना आयफोन ही माहिती देत नाही. आत्ता गायबच असेल तर आत्ताच बघून टाका.

गोदाकाठ:

१३!!! अहो खरंच १३ आहे, आत्ता बघितलं, आणि समोरच्या फ्लॅटचं १२. मला इतका आनंद झालाय की काय सांगू. इतक्या लोकांनी इतकं काही सांगितलं आणि लॅपटॉप कुठून आणलाय हे कोणी विचारलंच नाही. आता पुढे काय करायचं ते सांगा, राउटरच्या आत कसं जायचं ते मला येत नाही पण वाचून करेन.

तारवाला:

पाऊसवेडा, शाब्बास, बरोबर पकडलंस. आमच्याकडे परदेशातून आणलेला लॅपटॉप असला की आम्ही हे पहिलं बघतो, पण सगळ्याच पोरांना ते शिकवलेलं नसतं.

ताई, फोन वायफायला जोडलेला ठेवा आणि ब्राउझरमध्ये वर पत्त्याच्या जागी राउटरचा आयपी टाका. आयपी, युजरनेम, पासवर्ड हे सगळं राउटर उलटा करून बघितलात की खालच्या स्टिकरवर असतं. त्या स्टिकरचा एक फोटो काढून ठेवा, पुढे शाई उडाली की वाचता येत नाही. आत गेल्यावर प्रत्येक कंपनीचा मेनू वेगळा, पण वायरलेस किंवा डब्ल्यूलॅन असं काहीतरी असेल, त्यात २.४जी आणि ५जी वेगवेगळं दिसेल (हे ५जी म्हणजे मोबाइलचं ५जी नव्हे, ५ गिगाहर्ट्झचं वायफाय). २.४ मध्ये जाऊन चॅनल ऑटो आहे ते काढून १, ६ किंवा ११ ह्यांपैकी एक निवडा. हेच तीन का, तर एका चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झच्या आसपास आणि दोन नंबरांतलं अंतर फक्त ५, त्यामुळे ३ किंवा ८ असं मधलंच काही घेतलं की दोन्ही बाजूच्यांची खडखड तुमच्याकडे आणि तुमची त्यांच्याकडे. हे तीन एकमेकांवर चढत नाहीत. त्या ॲपमध्ये बघा तिघांपैकी कुठे नावं कमी आहेत आणि जी आहेत त्यांचा सिग्नल कमकुवत आहे, तो घ्या.

त्याच पानावर बँडविड्थ किंवा चॅनल विड्थ असं असेल, तिथे २०/४० असेल तर २० करा. सोसायटीत एवढे राउटर असताना ४० घेऊन फायदा काही होत नाही. ह्याव्यतिरिक्त बाकी कशाला हात लावू नका, विशेषतः वॅन नावाच्या पानाला, तिथे आमचं लॉगिन असतं ते पुसलं गेलं की नेटच बंद. सेव्ह किंवा अप्लाय दाबा, वायफाय क्षणभर जाईल आणि परत येईल. काही कंपन्या आतलं लॉगिन ग्राहकाला देत नाहीत, तसं असेल तर कस्टमर केअरला फोन करून "२.४ चं चॅनल ६ वर फिक्स करून द्या" एवढंच वाक्य बोला. नेट चालत नाही असं सांगितलंत तर ते परत फोनवर स्पीड दाखवून जातील.

हिंजवडी_फेज३:

ह्याच धाग्यात विचारतो, वेगळा काढत नाही. माझा लॅपटॉप नवीन आहे, वायफाय ६ वाला, नाव दिसतं, रेंजही दिसते पण कॉलवर असलो की आवाज रोबोटसारखा येतो, बऱ्याचदा मीटिंगमधून बाहेरच फेकला जातो. गंमत म्हणजे डायनिंग टेबलवर बसलो की काही नाही, फक्त माझ्या वर्क टेबलवर बसलो की होतं आणि ते टेबल राउटरच्या जास्त जवळ आहे! टेबलवर डॉक (लॅपटॉपला बाकी वस्तू जोडायचा डबा) आहे त्याला मॉनिटर, एक्स्टर्नल हार्ड डिस्क, कीबोर्ड-माउसचा डाँगल. काय असू शकेल?

पाऊसवेडा:

कॉल अडखळतो तेव्हा माउसही अडखळतो का, म्हणजे कर्सर मध्येच थांबून उडी मारतो असं? हो असेल तर वायफायचा किंवा लॅपटॉपचा दोष नाही, ती हार्ड डिस्क आणि डॉक आहे. यूएसबी ३ ची वायर, त्याचे कनेक्टर ह्यातून जो रेडिओचा कचरा बाहेर पडतो तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो, इंटेलने स्वतः २०१२ मध्ये ह्यावर पेपर काढला होता. वायरलेस माउसचा डाँगल पण त्याच पट्ट्यात चालतो म्हणून तोही अडखळतो. लॅपटॉपच्या अँटेना स्क्रीनच्या कडेला असतात आणि डॉक लॅपटॉपला चिकटून ठेवला की कचरा थेट अँटेनाच्या तोंडात. हार्ड डिस्क काढून एक कॉल करून बघ, फरक पडला तर समजलं.

उपाय म्हणजे लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर घे, तिथे हा कचरा पोचत नाही. राउटरमध्ये दोन्ही पट्ट्यांना एकच नाव असेल तर तात्पुरतं ५ ला वेगळं नाव दे म्हणजे कशाला जोडलाय ते नक्की कळेल, किंवा डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये प्रेफर्ड बँड असेल तिथे ५ कर. डिस्क आणि डॉक हातभर लांब सरकव, चांगल्या शील्डिंगची केबल घे. आणि खरं सांगू का, डॉकला लॅनचा खड्डा असेल आणि राउटर एवढ्या जवळ असेल तर सरळ कॅट ६ केबल टाकून विषय संपव. जागचं न हलणारं जे काही असेल ते वायरवर असावं ह्या मताचा मी आहे, वायफाय हलणाऱ्या वस्तूंसाठी मोकळं राहू दे.

हिंजवडी_फेज३:

माउसपण अडखळतो! मी बॅटरी बदलत बसलो होतो. ५ वर घेतला, आजचे दोन्ही कॉल स्वच्छ. बायकोच्या रूमचं मात्र काय करू, तिथे ५ ची एकच काडी येते, राउटर मेन डोअरच्या मागे बिल्डरने जो लोखंडी बॉक्स दिलाय त्याच्या आत आहे. अंतर फार नाही, दोन भिंती मध्ये आहेत फक्त.

तारवाला:

तुमच्या बिल्डिंगचा टॉवर नवीन असेल तर मिवानचा असणार. म्हणजे ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंती-स्लॅब सगळं एकदम काँक्रीटमध्ये ओतलेलं. जुन्या बिल्डिंगमध्ये खोल्यांच्या मधल्या भिंती विटेच्या असतात, त्यातून वायफाय बऱ्यापैकी आरपार जातं, ह्यात प्रत्येक भिंत काँक्रीटची आणि आत लोखंडी सळया. ५ गिगाहर्ट्झला तर दोन भिंती म्हणजे संपलंच. त्यात राउटर लोखंडी पेटीत, पेटीचं झाकण लावलंत की राउटर डब्यात कोंडून ठेवल्यासारखा आहे. आधी तो बाहेर काढा, आजच. फायबरची पिवळी किंवा पांढरी वायर अलगद हाताळा, ती तांब्याच्या वायरीसारखी काटकोनात वाकवली की आतली काच तुटते आणि राउटरवर लॉसचा लाल दिवा लागतो.

मग बघा त्या पेटीतून टीव्हीच्या पॉइंटला आणि बेडरूमला बिल्डरने पाइप टाकलेला असतो, बऱ्याच ठिकाणी लॅनची वायरही आत ओढलेली असते, फक्त टोकं जोडलेली नसतात. ती वायर वापरून बेडरूममध्ये ॲक्सेस पॉइंट किंवा मेशचं युनिट (म्हणजे तिथे वायफाय देणारा दुसरा डबा) वायरने जोडा. भिंतीत खोचायचा स्वस्त एक्स्टेंडर घेऊ नका, साधा एक्स्टेंडर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर पुढे पाठवतो, त्यात स्पीड निम्म्यावर येतो, आणि काँक्रीटच्या भिंतीपलीकडे त्याला स्वतःलाच सिग्नल मिळत नसेल तर तो पुढे काय देणार.

साधासरळ:

वाचून बरंच कळलं, मलाही १२-१३ चं ठाऊक नव्हतं. माझ्याकडून एक, सिग्नल काड्यांवर मोजू नका, त्या ॲपमध्ये डीबीएम दिसतं त्यावर बघा. आकडा मायनसमध्ये असतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६७ च्या आत असेल तर व्हिडिओ कॉल नीट चालतात, उणे ८० च्या पलीकडे गेलं की फक्त नाव दिसतं, काम होत नाही. घरभर फोन घेऊन फिरा आणि खोलीखोलीत थांबून आकडा बघा, राउटर कुठे ठेवायचा ते आपोआप कळतं. आमच्याकडे फ्रिजच्या आड आणि कपाटाच्या आरशामागे आकडा धाडकन पडतो.

गोदाकाठ:

झालं! चॅनल ६ करायला गेले तर ॲपमध्ये ६ वर खूप गर्दी होती, ११ मोकळा होता म्हणून ११ केला आणि २० पण केलं. सेव्ह केल्या केल्या लॅपटॉपच्या यादीत आमचं नाव सगळ्यात वर. मग मुद्दाम राउटरचा स्विच बंद करून चालू केला, परत बंद करून चालू केला, दर वेळी दिसतंय. संध्याकाळी लाइट गेली होती, आल्यावर लॅपटॉप स्वतःहून जोडला गेला, मी उठलेसुद्धा नाही. पाऊसवेडा, तारवाला दादा, साधासरळ, तुम्हा तिघांचे मनापासून आभार. कार्ड बदलायचे पैसे वाचले ते वेगळंच.

दोन शंका राहिल्यात. एक म्हणजे बेडरूममध्ये स्पीड फोनपेक्षा लॅपटॉपवर खूपच कमी येतो, फोनला ९० च्या घरात आणि लॅपटॉपला २५-३०. दुसरी, ५ वाला पट्टा ह्या लॅपटॉपवर आणायची काही सोय आहे का?

तारवाला:

दोन्हीला एकच उत्तर. फोन ५ वर आहे, लॅपटॉप २.४ वर एका अँटेनाच्या जुन्या कार्डावर, सोसायटीच्या गर्दीत त्याला २५-३० मिळतायत हे चांगलंच आहे म्हणायचं. टॅली आणि व्हीपीएनला तेवढं भरपूर होतं, काम अडत नसेल तर खर्च करू नका. करायचाच असेल तर यूएसबीचा ड्युअल बँड वायफाय डाँगल मिळतो, घेताना खोक्यावर एसी किंवा एएक्स लिहिलंय आणि ५ गिगाहर्ट्झ लिहिलंय हे बघून घ्या, नुसतं १५० किंवा ३०० एमबीपीएस लिहिलेले स्वस्तातले फक्त २.४ चे असतात. इथल्या दुकानातून, इथल्या बिलावर घ्या, म्हणजे १२-१३ चा प्रश्नही राहणार नाही. डाँगल लावलात की डिव्हाइस मॅनेजरमध्ये आतलं जुनं कार्ड डिसेबल करा, नाहीतर विंडोज कधी ह्याला धरेल कधी त्याला. तुमच्या बेडरूमपर्यंत ५ पोचतो का ते आधी फोनवरच्या आकड्यावरून बघा, फोनला ९० येतायत म्हणजे पोचत असावा.

आणि लॅपटॉप विंडोज १० वर आहे म्हणालात, त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तुमच्याकडे लोकांचे पॅन, बँकेचे तपशील, जीएसटीचे पासवर्ड असतात, सिक्युरिटी अपडेट येत नसतील तर ते बरं नाही. मायक्रोसॉफ्टचा वाढीव सुरक्षा अपडेटचा प्रोग्राम आहे, त्यात नाव घालता येतं का हे ऑफिसच्या आयटीवाल्याला विचारा, वायफायपेक्षा हे जास्त महत्त्वाचं आहे.

गोदाकाठ:

हे लगेच विचारते, उद्याच. सपोर्ट संपल्याचं वाचलं होतं पण मनावर घेतलं नव्हतं. डाँगलचं २० तारीख उलटल्यावर बघू.

पाऊसवेडा:

ताई एक लक्षात असू द्या, कंपनीने राउटर बदलून दिला, कोणी फॅक्टरी रीसेट मारलं किंवा कधी मोठं अपडेट आलं तर चॅनल परत ऑटोवर जाऊ शकतं. तेव्हा स्टिकरचा जो फोटो काढलाय त्याच्याच सोबत "२.४ चॅनल ११, विड्थ २०" असं लिहून ठेवा आणि मिस्टरांच्या फोनवरही पाठवून ठेवा, तुम्ही घरी नसताना कोणी टेक्निशियन आला तर त्याला तेवढं दाखवता येईल.